पाण्याची वही : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घराच्या नोंदी, २०२४

१ फेब्रुवारी

आजपासून घरातल्या पाण्याचा हिशेब लिहायचा. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते, आता घरचे जुळवायचे.

घरात माणसं पाच : मी, हे, सासूबाई, थोरला आणि धाकटी. घर जुनं. पुढचा भाग कौलारू, मागचा स्लॅबचा, परड्यात आड. स्लॅबवर हजार लिटरची टाकी आणि सोलर. नळाला पाणी सकाळी येतं, खालच्या हौदात पडतं, मोटरने वर चढतं.

हे करायचं कारण आधी लिहून ठेवते, कारण पुढे कामात ते मागे पडतं. कोल्हापूरला पाण्याची ददात नाही असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. राधानगरी धरण भरतं, पंचगंगा वाहते, रंकाळा समोर आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. जुलै २०२१ ला पुन्हा तेच, तेव्हा पातळी ५६ फुटांवर होती. आमच्या पेठेत पुराचं पाणी शिरत नाही. पण दोन्ही वेळेला डोक्यावर धो धो पाऊस आणि हातात रिकामी कळशी घेऊन आम्ही टँकरच्या रांगेत उभे होतो. स्लॅबवरचं पाणी मात्र पाईपमधून गटारात चाललेलं.

तेव्हा या वहीला दोन खाती. एक, रोजचा खर्च कमी करणं. दुसरं, नळ बंद पडेल त्या दिवसांसाठी घरात तजवीज करणं.

आजचं मीटर रीडिंग घेतलं. मीटरवरचं एक युनिट म्हणजे हजार लिटर.

११ फेब्रुवारी, रविवार

सगळे घरी असल्यामुळे आज मोजणीचा दिवस ठरवला. पद्धत साधी. नळाखाली २० लिटरची बादली आणि हातात मोबाईलचं घड्याळ. मोरीतली तोटी पूर्ण सोडली की बादली १०० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. थोरल्याचा शॉवर मिनिटाला ९ लिटर. फ्लशची टाकी जुनी, एका ओढीला १० लिटर. वॉशिंग मशीनचा पाईप बादलीत सोडून मोजला.

दिवसाअखेर वहीत असं उतरलं : आंघोळी १९०, फ्लश १७०, भांडी आणि भाज्या धुणं १४०, कपडे १३०, फरशी, सडा आणि झाडं ४५, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारं ३०, प्यायला आणि स्वयंपाकाला २५. एकूण ७३० लिटर.

यातला सगळ्यात छोटा आकडा २५ लिटरचा आहे. ज्याच्याशिवाय खरोखर चालत नाही ते एवढंच. संडासात त्याच्या जवळजवळ सातपट पाणी जातं, आणि तेही पिण्याचं, शुद्ध केलेलं.

१ मार्च

फेब्रुवारीचं मीटर : २४.६ युनिट. २९ दिवसांचे रोजचे सुमारे ८४८ लिटर, माणशी १७०. शहरी पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आम्ही बरेच वर आहोत.

पण मला त्याहून जास्त खटकतोय तो फरक. मोजलेला खर्च ७३०, मीटर म्हणतं ८४८. ११८ लिटर रोज कुठे जातात? कॅशमध्ये एवढा फरक आला असता तर कोणी घरी गेलं नसतं.

३ मार्च

गळती शोधायची सांगोवांगी युक्ती अशी की घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरचा छोटा काटा फिरतो का ते बघायचं. जिथे चोवीस तास पाणी असतं तिथे ती बरोबर आहे. आपल्याकडे पाणी येतं तेवढ्यापुरतंच मीटर फिरतं, आणि नंतरची सगळी गळती गच्चीवरच्या टाकीतून होते. मीटरला ती रात्रीची दिसतच नाही. म्हणून परीक्षा टाकीची घ्यायला हवी.

टाकीचा आतला व्यास ११० सेंटिमीटर. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली तर साडेनऊ लिटर गेले. काल रात्री अकरा वाजता सगळे झोपायला गेल्यावर यांनी टाकीत लाकडी पट्टी सोडून खूण केली. पहाटे पाचला, कोणी उठायच्या आधी, पुन्हा पट्टी सोडली. तीन सेंटिमीटर कमी. सहा तासांत साडेअठ्ठावीस लिटर. चोवीस तासांचे ११४.

हिशेब जुळला! पण गळती कुठे आहे ते अजून कळायचंय. नळ सगळे कोरडे, भिंतीला ओल नाही, मोरीत टिपूस नाही.

४ मार्च

सापडली. फ्लशच्या टाकीत जिलेबीचा केशरी रंग चमचाभर टाकला आणि अर्धा तास कोणाला आत जाऊ दिलं नाही. बघते तर खाली भांड्यात केशरी ओघळ. टाकीच्या तळाचं रबर कडक होऊन वाकलं होतं. पाणी भांड्याच्या मागच्या कडेने इतकं पातळ उतरायचं की डोळ्याला दिसायचं नाही आणि कानाला ऐकूही यायचं नाही. टपटपणारी तोटी निदान झोप मोडते, म्हणून तिचा वॉशर लगेच बदलला जातो. फ्लश बिनबोभाट गळत राहतो.

लक्ष्मीपुरीतून रबर आणलं, संध्याकाळी बसवलं. किंमत एका वडापावच्या प्लेटएवढी. रात्री पुन्हा पट्टी : पातळी जिथल्या तिथे.

कोणाला या वहीतलं एकच काम करायचं असेल तर हे करावं. रंग टाका आणि अर्धा तास थांबा.

फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरभराची बाटलीही ठेवली, दर ओढीला तेवढं वाचतं. बरेच जण वीट ठेवा म्हणतात. वीट पाण्यात झिजते आणि तिची माती त्याच रबराखाली अडकते, म्हणून विटेला नाही म्हटलं.

१० मार्च

भांडी. हे प्रकरण सगळ्यात नाजूक, कारण यात माझा हात कमी आणि मावशींचा जास्त. मावशी आमच्याकडे धाकटीच्या जन्माआधीपासून आहेत. तोटी सोडून ठेवायची आणि एकेक भांडं खाली धरायचं, ही त्यांची रीत.

दोन घमेली आणून ठेवली. एकात घासलेली भांडी बुडवायची, दुसऱ्यात खळबळायची. मावशींनी एकदा घमेल्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"वैनी, घमेल्यात तेलकट कढई निघत न्हाई. सगळ्या भांड्यांना तेल लागतंय."

बरोबर होतं त्यांचं. मग त्यांनीच क्रम लावला. आधी कप-ग्लास, मग ताटं-वाट्या, शेवटी कढई आणि तवा, आणि ते दोन मात्र राखेने पुसून घेऊन तोटीखाली. मी तोटीच्या तोंडाला जाळीची टोपी बसवून घेतली, एरेटर म्हणतात ती. धार फुगीर येते, हाताला पाणी भरपूर लागतं, आणि बादली भरून मोजलं तर मिनिटाला १२ चे ६ लिटर झाले. मावशींना टोपी आवडली. "अंगावर उडत न्हाई" हे त्यांचं कारण. कारण कुठलंही असो, पाणी वाचतंय.

दुसऱ्या घमेल्यातलं पाणी परड्यातल्या केळीला. पूर्वी मोरीचं सगळं पाणी केळ, अळू आणि कर्दळीला जायचं, सासूबाईंनी सांगितलं. मधल्या काळात परड्यात फरशी घातली, मोरीची पाईप गटाराला जोडली, अळू गेलं.

२१ मार्च

आंघोळी. सोलरचं पाणी खाली मोरीत पोचेपर्यंत आधी पाईपमधलं थंड पाणी येतं, ते सगळे सोडून देत होते. आज मोजलं : पहिल्या आंघोळीच्या आधी सात लिटर. हिवाळ्यात याहून जास्त जात असणार. आता तिथे बादली कायमची ठेवली आहे, ते पाणी मशीनमध्ये जातं. गच्चीवरच्या उघड्या पाईपवर काळा फोम गुंडाळला.

थोरल्याचा शॉवर चालू ठेवला आहे. पंधरा वर्षांच्या मुलाशी शॉवरवरून भांडण करून पाणी वाचत नाही, त्याला आकडा दाखवला की वाचतं. त्याने स्वतः मोजलं : अंगाला साबण लावताना शॉवर बंद ठेवला तर ५५ लिटरची आंघोळ २५ मध्ये होते. तो आता बंद ठेवतो.

सासूबाईंना या सगळ्याचं नवल नाही. "आमच्या येळेला एका बंबात सात माणसांच्या आंघोळी व्हायच्या. पाणी तापवायला जळण लागायचं, मग कोण सांडंल?" जळण डोळ्यासमोर फोडून रचलेलं असायचं, म्हणून त्याचा खर्च दिसायचा. आज काळम्मावाडी धरणातून पन्नास किलोमीटरहून लांबच्या पाईपलाईनने पाणी येतं, पुईखडीला शुद्ध होतं, मग आमच्या हौदात पडतं. त्या उपशाची वीज आम्हाला मोरीत दिसत नाही. थेट पाईपलाईनचं पाणी गेल्या दिवाळीत शहरात आलं तेव्हा लोकांनी गुलाल उधळावा इतका आनंद झाला होता. इतकी वर्षं वाट बघून मिळालेलं पाणी गळक्या रबरातून जाऊ देणं मला पटत नाही.

३० मार्च, रंगपंचमी

कोल्हापूरची रंगपंचमी कोरडी होणार नाही, आणि मुलांना तसं सांगायचंही नाही. एक पिंप ठरवून दिलं : हे तुमचं, संपलं की संपलं. दुपारी बारापर्यंत पुरवलं त्यांनी.

१४ एप्रिल

पाणी शुद्ध करण्याचं आरओ यंत्र काढलं. याबद्दल घरात बरीच चर्चा झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

आरओचा पडदा पाण्यातले क्षार अडवतो आणि ते क्षार वाहून न्यायला बरंच पाणी बाहेर टाकतो. आमचं यंत्र एक लिटर प्यायचं पाणी देताना तीनेक लिटर बेसिनमध्ये सोडत होतं. खाऱ्या बोअरचं पाणी असेल तर हा खर्च करावाच लागतो. पण आपलं पाणी नदी-धरणाचं, गोडं. पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार मोजायचं छोटं यंत्र यांनी कारखान्यातून आणलं, आमच्या नळाच्या पाण्याला आकडा दीडशेच्या आत आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे जे क्षार त्रास देत नव्हतेच ते काढायला आम्ही पाणी फेकत होतो.

आपल्याकडे खरी भीती क्षारांची नाही, पावसाळ्यातल्या गढूळपणाची आणि जंतूंची आहे. त्यासाठी गाळणी आणि अतिनील दिव्याचं यंत्र बसवलं. ते पाणी फेकत नाही. पावसाळ्यात शिवाय उकळून घ्यायचं.

५ मे

आता दुसरं खातं. छपराचं पाणी.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. आमचा स्लॅब ४५० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की ४२० लिटर. काही उडतं, काही स्लॅब पितो, तर ऐंशी टक्के धरू : ३३५ लिटर. शहरात वर्षाला ढोबळ हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एवढ्याशा स्लॅबवरून ३३ हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. फेब्रुवारीत आम्ही महिन्याला जेवढं वापरलं त्याहून जास्त.

हा आकडा बघून पहिल्यांदा वाटतं, भली मोठी टाकी बांधावी आणि उन्हाळ्याला साठवून ठेवावं. पेठेतल्या घरात ती जागा कुठून आणायची? आणि मला तसं करायचंही नाही. मला हवंय ते जुलै-ऑगस्टमधल्या त्या चार-आठ दिवसांसाठी, जेव्हा नदी वर असते आणि नळ खाली. त्या दिवसांत पाऊस पडतच असतो. पिंप रिकामं झालं की वरून पुन्हा भरतं. तेव्हा साठा छोटा असला तरी चालतो, फक्त पाईप, गाळणी आणि तोटी आधीपासून तयार पाहिजे. पूर आल्यावर लक्ष्मीपुरीत पाईप वळवायचा एल्बो शोधत फिरता येत नाही.

आणीबाणीत माणसाला दिवसाला किमान १५ लिटर लागतात असं मदतकार्याचं जागतिक मानक सांगतं. आमचे पाच जणांचे ७५. थोडं सैल धरून रोजचे १५०. त्यातले ३५ लिटर प्यायला-स्वयंपाकाला, ते नळाचंच, झाकलेल्या स्टीलच्या पिंपात आधी भरून ठेवलेलं. उरलेलं छपराचं.

१२ मे

प्लंबरमामा आले. मी काढलेलं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं.

"वैनी, पिंप दोन घातली काय न् दहा घातली काय, आषाढात भरून वाहणारच. तोटी कुठं घालायची ते आधी ठरवा. बादली खाली बसली पायजे."

त्यांच्या सांगण्यावरून दीड फूट उंचीचा कट्टा आधी बांधला. वर २०० लिटरची तीन निळी पिंपं. पिंपं यांनी शिरोलीहून आणली, आधी त्यांत खायचं तेल होतं. हे बघून घेणं फार महत्त्वाचं. वापरलेल्या पिंपात रसायन होतं की खायची वस्तू, याची खात्री देणार नाही त्याच्याकडून घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

पहिल्या पावसाचं पाणी घ्यायचं नाही, कारण त्यात स्लॅबवरची धूळ, पक्ष्यांची घाण, वाळलेली पानं. एक मिलिमीटर पाऊस वाहून जाऊ द्यावा असा ठोकताळा आहे, आमच्या स्लॅबला ४२ लिटर. चार इंची उभी पाईप बंद करून त्यात हे पाणी अडवतात. पण त्या पाईपमध्ये मीटरला साडेआठ लिटर मावतं, पाच मीटर पाईप लागली असती. मामांनी सोपा मार्ग काढला : तीन पिंपांच्या आधी एक ५० लिटरचं लहान पिंप. स्लॅबचं पाणी आधी त्यात पडतं, ते भरलं की वरच्या तोंडाने मोठ्यांत जातं. गाळ लहान पिंपात बसतो. त्याच्या तळाला बुच, सर थांबली की काढून रिकामं करायचं.

मामा याला गाळाचं पिंप म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो.

२४ मे

वळीव झाला. विजा, वारा, गल्लीत पत्रे वाजत होते, आणि मी टॉर्च घेऊन पिंपांपाशी. लहान पिंपात चहाच्या रंगाचं पाणी आलं. ते भरल्यावर मोठ्यात आलेलं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघितलं तर जवळजवळ स्वच्छ. तळाशी थोडी बारीक वाळू, बस्स. एका जोडातून पाणी ठिबकतंय, सोल्युशन लावून बसवायचं.

१ जून

मे महिन्याचं मीटर : १७.१ युनिट. रोजचे सुमारे ५५२, माणशी ११०. तेही उन्हाळ्यात, आणि सुट्टीत नणंदेची मुलं आठवडाभर राहून गेली.

१६ जून

मृगाचा पाऊस, पिंपं भरून राहतात. आता डासांची काळजी. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि छपराचं पाणी त्याला अगदी हवं तसं. प्रत्येक पिंपाला झाकण, झाकणाच्या भोकाला आणि वरच्या पाईपच्या तोंडाला दुहेरी नायलॉनचं कापड, दोरीने घट्ट. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण वापरून रिकामं करायचं आणि आतून घासायचं. शनिवार धाकटीचा, तिने कॅलेंडरवर निळा गोल काढून ठेवलाय.

पाणी नुसतं साठवायचं नाही, रोज वापरायचं, हे यामुळेच ठरलं. फ्लश, फरशी, कपड्यांचं पहिलं पाणी, गाडी पुसणं. प्यायला नाही.

शेजारच्या काकांनी विचारलं, हे पाणी आडात का सोडत नाही? मी तो विचार केला होता. जूनमध्ये आड खोल असतो तेव्हा ठीक, पण आमचा आड जुलैत आपोआप वर येतो, कठड्यावरून वाकलं की हात बुडेल इतका. भरलेल्या आडात आणखी पाणी ढकलून काय मिळणार? शिवाय आडात जाणारं पाणी खडी आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळूनच जायला हवं, नाहीतर घाण थेट जमिनीखालच्या पाण्यात. तो खड्डा पुढच्या वर्षी, नीट करायचा.

१२ जुलै, आषाढातला शुक्रवार

टेंबलाईला नवं पाणी. पी ढबाक वाजत गल्लीतून मिरवणूक गेली, पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या कळशा डोक्यावर घेऊन. सासूबाई दरवर्षी पायरीवर उभ्या राहून हात जोडतात, आज मीही उभी होते. नदीला नवं पाणी आलं म्हणून ते देवीला नेऊन वाहणारं हे गाव आहे. आणि याच गावात वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं. आमच्या पेठेतला पाण्याचा खजिना आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायच्या कामी येतो. कळंबा तलावाचं पाणी उताराने शहरात यायचं, ते तिथून पेठांना वाटलं जायचं. मुलांना उद्या तिथे नेऊन दाखवायचं आहे.

२६ जुलै

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. पंचगंगा धोक्याच्या वर आहे. मोबाईलवर दर तासाला फूट-इंचांचे आकडे येतायत, गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी तेच.

नळाचं पाणी काल गढूळ आणि बारीक धारेने आलं, आज आमच्या गल्लीत आलंच नाही. मोठ्या पुराच्या मानाने ही काहीच अडचण नाही, खालच्या भागातल्या लोकांनी घरं सोडलीत. पण आपल्या तयारीची परीक्षा झाली, ती नोंदवते.

स्टीलची दोन पिंपं मंगळवारीच भरून ठेवली होती, पाणी उकळून वापरतोय. छपराची तिन्ही पिंपं काठोकाठ. सकाळी फ्लशला आणि मोरीला ११० लिटर काढले, दुपारपर्यंत पुन्हा भरली. थोरला बादल्या नेतो, धाकटी मगाने मोजून वहीत लिहिते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी फक्त आंघोळीला, तेही बादलीने.

दुपारी समोरच्या काकू दोन कळशा घेऊन आल्या. त्यांच्याकडे संडासाला पाणी नव्हतं, घरात अंथरुणावर आजारी माणूस. त्या म्हणाल्या, "थोडंच द्या." सासूबाईंनी त्यांच्या हातातल्या कळशा घेतल्या आणि सरळ तोटीखाली लावल्या. "वरनं देव द्यायला लागलाय, थोडं कशाला?" संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या आणखी घरांनी नेलं. पाऊस चालूच होता, पिंप एकदाही तळाला गेलं नाही.

शुक्रवार पेठेत माझी मैत्रीण राहते, तिच्या गल्लीच्या तोंडाला पाणी आलंय. तिला फोन करून सांगितलं, सामान घेऊन इकडे या.

१ ऑगस्ट

जुलैचं मीटर : १२.४ युनिट, रोजचे ४००, माणशी ८०. मैत्रिणीचं कुटुंब काल परत गेलं. पूर ओसरल्यावर घर धुवायला पाणी लागतं, चिखल वाळायच्या आत काढावा लागतो. तिच्याकडे नळ सुरू व्हायच्या आधी यांनी आमचं एक भरलेलं पिंप टेम्पोतून नेऊन दिलं.

प्लंबरमामांना फोन. काकूंकडे आणि कोपऱ्यावरच्या घरी अशीच जोडणी हवी आहे. दोन्ही छपरं कौलारू, त्यांना आधी पन्हळ लावावी लागेल. कौलावरून पाणी चांगलं उतरतं, पण शेवाळ असतं, तेव्हा गाळाचं पिंप मोठं घ्यायचं.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपती विसर्जन. शाडूची मूर्ती यंदा गाळ काढून घासलेल्या पिंपात, छपराच्या पाण्यात. माती विरघळली की केळीच्या आळ्यात. सासूबाईंनी नदीला नमस्कार घरूनच केला.

१ ऑक्टोबर

सप्टेंबरचं मीटर : १४.१ युनिट, रोजचे ४७०. पाऊस ओसरला की आकडा वर जाणार हे धरलेलंच होतं. हिवाळ्यात ५५० च्या खाली ठेवायचा.

बाकी कामं : पिंपं धुऊन, वाळवून, तोंड बांधून ठेवायची. पाईपवरच्या फोमला वरून पट्टी, उन्हाने तो फुटायला लागलाय. कारखान्यातून खडी आणि वाळू कधी मिळते ते यांनी विचारायचं, आडाच्या खड्ड्यासाठी. जुनी फ्लशची टाकी काढून दोन बटणांची, तीन आणि सहा लिटरची, बसवायची. मामा रविवारी येतायत, आधी काकूंची पन्हळ, मग आमची टाकी.